कुलपाचा भरवसा

घर बांधताना माणूस भिंतींचा विचार आधी करतो आणि दाराचा नंतर. परंतु घर सोडून परगावी जाताना त्याच्या मनात भिंती येत नाहीत, दारच येते. कडी नीट बसली ना, कुलूप ओढून पाहिले ना, असे तो स्वतःला दोन-दोनदा विचारतो. मुठीत मावेल एवढ्या धातूच्या तुकड्यावर सारे घर सोपवून आपण गाडीत बसतो आणि थोड्याच वेळात ते विसरूनही जातो. हा भरवसा आला कोठून? तो कितपत खरा आहे? आणि ज्यांनी तो निर्माण केला, त्यांनी तो कसा निर्माण केला? या प्रश्नांच्या मागे लागले म्हणजे दीडदोनशे वर्षे चाललेल्या एका मोठ्या रंजक चढाओढीची हकिकत हाती लागते.

तापीच्या खोऱ्यातील खेड्यांतून आजही धाब्याची जुनी घरे दिसतात. मातीच्या जाड भिंती, वर मातीचेच सपाट छप्पर, आणि पुढे जाड फळ्यांचे जड दार. या दाराला आतल्या बाजूने अडसर असे. अडसर म्हणजे भिंतीतील खोबणीत सरकणारा लाकडाचा जाड दांडा. रात्री तो ओढून दारामागे घातला की बाहेरच्या माणसाने कितीही जोर केला तरी दार हलत नसे. अडसरात मोडण्यासारखे किंवा गंजण्यासारखे काही नव्हते. पण त्यात एक मोठे वैगुण्य होते. तो घालण्यास घरात कोणीतरी असावे लागे. त्या काळी ही अडचण फारशी जाणवत नव्हती, कारण घर संपूर्ण रिकामे असे क्वचितच होई. कर्ती माणसे शेतात गेली तरी आजी घरी असे, लेकरे असत, आणि समोरच्या ओट्यावर शेजारी बसलेला असे. दिवसा बाहेरून साखळी कोयंड्यात अडकवली की पुरे होई.

पुढे खानदेशाचे दिवस पालटले. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे आपले ठाणे केले आणि व्यापाऱ्यांना तेथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले. त्यानंतर 1860 च्या सुमारास या भागात रेल्वे आली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि काळ्या जमिनीत पिकणाऱ्या आपल्या कापसाला एकाएकी मागणी आली. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ बनले. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा जळगाव पूर्वेचे व धुळे पश्चिमेचे मुख्य ठिकाण ठरले. कापसाबरोबर रोकड आली, पेढ्या आल्या, सराफ आले. जळगावचा सराफ बाजार तर आजही सोन्यासाठी नावाजलेला आहे. घरात केवळ धान्य होते तोवर अडसर पुरत असे. परंतु पेढीवर रात्री कोणी राहत नसले आणि आत हंगामाचे पैसे असले, म्हणजे अडसराचा काय उपयोग? तेथे बाहेरून लागणारे आणि मालकाखेरीज दुसऱ्या कोणाच्याही हाताने न उघडणारे कुलूप हवे.

अशी कुलपे त्या काळी विलायतेहून येत आणि ती महाग असत. देशी कुलपेही मिळत, पण त्यांची हमी कोणी देत नसे. मुंबईतील एका पारशी वकिलाने ही उणीव हेरली. त्यांचे नाव अर्देशिर गोदरेज.

अर्देशिरांचा जन्म 1868 चा. कायद्याची परीक्षा देऊन ते वकील झाले आणि 1894 मध्ये एका दाव्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर गेले. पण जे आपल्याला खरे वाटत नाही ते न्यायालयात खरे म्हणून सांगणे त्यांच्याने होईना. त्यांनी तो दावा सोडला, आणि वकिलीही सोडली. मुंबईस परत येऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करण्यास आरंभ केला. हत्यारे उत्तम उतरली. परंतु त्यांवर 'हिंदुस्थानात तयार केलेले' असा शिक्का मारण्यास ती विकत घेणारा इंग्रज गिऱ्हाईक तयार होईना. अर्देशिरांनी शिक्क्याचा आग्रह सोडला नाही आणि तो धंदाच बंद केला. दोन वेळा अपयश आलेल्या या गृहस्थाच्या वाचनात एके दिवशी वर्तमानपत्रातील एक मजकूर आला. मुंबईत घरफोड्या वाढल्या असून लोकांनी अधिक चांगली कुलपे वापरावीत, असा त्याचा आशय होता. त्या मजकुरातून त्यांना नवा मार्ग सापडला. 1897 मध्ये लालबाग येथे, गॅसच्या कारखान्याशेजारी, दोनशेपंधरा चौरस फुटांच्या एका छपरात त्यांनी कुलपे तयार करण्यास सुरुवात केली. दोनशेपंधरा चौरस फूट म्हणजे तुमच्या वर्गखोलीच्या अर्ध्याहूनही लहान जागा.

त्यांच्या कुलपावर जहाजाच्या नांगराचे चिन्ह असे आणि 'अँकर' हे नाव असे. प्रत्येक कुलपाबरोबर ते एक छापील पत्रक देत. हे कुलूप दुसऱ्या युक्तीने उघडणार नाही याची हमी आणि या कुलपाच्या दोन किल्ल्या दुसऱ्या कोणत्याही कुलपाला लागणार नाहीत असे आश्वासन, हा त्या पत्रकाचा गाभा. आज हे आपल्याला साधे वाटते. पण एकाच साच्यातून शेकडो कुलपे काढणे स्वस्त पडते आणि त्या शेकडो कुलपांना एकच किल्ली लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या आश्वासनाची किंमत कळते. प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी करायची, तर प्रत्येक कुलूप आतून थोडेसे निराळे करावे लागते. त्यात वेळ जातो, मेहनत पडते, आणि दुकानात मांडलेल्या कुलपाकडे पाहून ती मेहनत गिऱ्हाइकाला दिसतही नाही.

हे निराळेपण कशात असते ते समजून घेण्यासाठी कुलपाच्या पोटात डोकावले पाहिजे. दुकानदार सहा लिव्हरचे, सात लिव्हरचे असे कुलूप दाखवतो. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आत एकीवर एक रचलेल्या पितळेच्या पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीत एक खाच कापलेली असते. कुलपाची कडी अडकवून ठेवणारा जो खटका असतो त्याला एक लहानसा खुंट जोडलेला असतो. सर्व पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच हा खुंट त्यांतून सरकू शकतो, आणि खुंट सरकला तरच खटका मागे येतो. किल्लीचे दाते उंचसखल असतात ते याचसाठी. किल्ली फिरली की तिचा प्रत्येक दाता आपापली पट्टी उचलतो. पट्टी थोडी कमी उचलली गेली तरी खाच रेषेत येत नाही, आणि थोडी जास्त उचलली गेली तरीही येत नाही. येथे नुसता जोर चालत नाही. माप जुळावे लागते.

आता थोडे गणित करू. एक पट्टी सहा निरनिराळ्या उंचींपैकी कोणत्याही एका उंचीवर बसवता येते असे समजा, आणि कुलपात अशा सहा पट्ट्या आहेत असे धरा. मग किती प्रकारची कुलपे होतील? सहाला सहाने सहा वेळा मांडून गुणले, तर उत्तर 46,656 येते. म्हणजे एवढी कुलपे केली तरी दोन कुलपांना एकच किल्ली लागण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात सर्वच मापे कामाला येत नाहीत, कारण काही किल्ल्या फार कमकुवत होतात. तरीही उरलेली संख्या पुष्कळ मोठी असते. अर्देशिरांचे आश्वासन या हिशेबावर उभे होते.

जुन्या लिव्हर कुलपांत प्रत्येक पट्टी खाली दाबून धरण्यासाठी तिच्यामागे एक बारीक स्प्रिंग असे. दमट हवेत स्प्रिंग गंजे, कधी तुटे, आणि मग हातात खरी किल्ली असूनही मालक आपल्याच दाराबाहेर उभा राही. अर्देशिरांनी स्प्रिंग काढून टाकून पट्ट्यांची रचनाच अशी केली की स्प्रिंगेची गरज उरली नाही. 1909 मध्ये त्यांना या कुलपाचे पेटंट मिळाले. त्यांचे आणखी एक कुलूप 'गॉर्डियन' या नावाचे होते. त्याला दोन किल्ल्या असत आणि कोणत्याही किल्लीने ते उघडे. पण दुसऱ्या किल्लीने कुलपाची आतील मांडणी बदलता येत असे, आणि मग पहिली किल्ली निरुपयोगी होई. घरातील पहिली किल्ली हरवली किंवा नको त्या हाती गेली, तर कुलूप फेकून न देता किल्लीच बाद करण्याची ही सोय होती.

लिव्हरचे कुलूप ही मात्र अर्देशिरांची मूळ कल्पना नव्हे. ती इंग्लंडात जन्मली आणि तेथे तिच्यावरून मोठी स्पर्धा झाली. 1817 मध्ये पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. तेव्हा, आपल्याच किल्लीने उघडेल, दुसऱ्या कशानेही उघडणार नाही, असे कुलूप करणाऱ्यास सरकारने शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जेरेमाया चब या कारागिराने पुढल्याच वर्षी तसे कुलूप केले. त्यात एक चतुर योजना होती. कोणी खोटी किल्ली घालून एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली तर ती वरच अडकून बसे आणि कुलूप गच्च होई. मालक आला की त्याला ताबडतोब कळे की आपल्यामागे कोणीतरी हात घालून गेले आहे. या कुलपाची परीक्षा घेण्यासाठी एका कैद्याला निवडले. तो स्वतः कुलपे करण्यात वाकबगार होता. हे कुलूप उघडलेस तर सुटका आणि वर बक्षीस, असे त्याला सांगितले. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

लंडनमधील दुसरे प्रसिद्ध कुलूप जोसेफ ब्रामा यांचे. त्यांच्या दुकानाच्या खिडकीत 1790 पासून एक कुलूप टांगलेले होते. हे जो उघडील त्याला दोनशे गिनी तात्काळ दिल्या जातील, असे आव्हान त्याखाली लिहिलेले होते. साठ वर्षे गेली. ते कोणी जिंकले नाही. आपली कुलपे अभेद्य आहेत असे इंग्रज मानू लागले, आणि कुलपांच्या सुधारणेचे काम थंडावले.

1851 मध्ये लंडनला जगातील वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. आपल्या कारखान्याची कुलपे विकावीत हा त्याचा हेतू होता, आणि त्यासाठी त्याने निराळा मार्ग धरला. त्याने प्रथम चबचे कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखवले. चोर कळावा म्हणून केलेली जी योजना, तिचाच त्याला उपयोग झाला. पट्टी किती उचलली म्हणजे जास्त होते, हे ती योजनाच त्याला सांगत होती! त्यानंतर त्याने ब्रामाचे आव्हान स्वीकारले. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास तो त्या कुलपाशी झगडला आणि अखेर ते उघडले. दोनशे गिनी त्याला मिळाल्या.

यावर मोठी खळबळ माजली. वर्तमानपत्रांतून वाद झाला. कुलपांचे दोष असे चारचौघांत उघड केल्याने चोरांना शिकवण मिळते, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हॉब्जचे उत्तर असे होते की, चोरांना हे सारे आधीपासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते बिचाऱ्या घरमालकाला. दोष झाकून ठेवल्याने चोराचे काही अडत नाही, मालकाची मात्र फसवणूक होते. मला वाटते, या वादात हॉब्जचीच बाजू खरी ठरली. त्याच्या त्या एकावन्न तासांनंतर इंग्रज कारागीर पुन्हा कामाला लागले आणि पुढील काही वर्षांत कुलपांत अनेक सुधारणा झाल्या. साठ वर्षांच्या स्तुतीने जे झाले नाही ते एका पराभवाने झाले.

हॉब्जसारखे हात आपल्याकडेही आहेत. कोणत्याही शहराच्या बाजारात पदपथावर किल्ल्यांचे झुबके मांडून बसलेला कारागीर तुम्ही पाहिला असेल. किल्ली हरवलेले कुलूप त्याच्यापुढे ठेवा. तो एक कोरी किल्ली आत घालतो, हलकेच फिरवतो, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा पाहतो, कानशीने तेवढेच घासतो आणि पुन्हा घालतो. थोड्या वेळात कुलूप उघडते. तो पट्ट्या पाहत नाही. त्यांची उंची किल्लीवरील ओरखड्यांतून वाचतो. हे ज्ञान गुप्त नाही, रस्त्यावर उघडे बसलेले आहे. जितक्या पट्ट्या अधिक आणि जितके माप काटेकोर, तितका या कारागिराला वेळ अधिक लागतो. चोराजवळ वेळ नसतो, एवढाच काय तो फरक. आणि चांगल्या कुलपाचे सारे काम या फरकावर चालते.

कुलपांपाठोपाठ अर्देशिरांनी तिजोऱ्यांकडे लक्ष वळवले. 1902 मध्ये त्यांची तिजोरी बाजारात आली. तिजोरीला कुलपाहून एक परीक्षा अधिक द्यावी लागते. ती अग्नीची. कापसाच्या पेठेतील व्यापाऱ्याला चोराइतकीच आगीची धास्ती असते, कारण जिनिंगमध्ये रचलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते, आणि जळून गेलेल्या हिशेबाच्या वह्या कोणताही पोलीस शोधून आणू शकत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. त्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता. आसपासच्या इमारती भस्म झाल्या. त्या आगीतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधील वस्तू शाबूत राहिल्या होत्या, अशी नोंद आहे. अर्देशिर तेव्हा हयात नव्हते. 1936 मध्येच ते वारले होते.

देश स्वतंत्र झाल्यावर या कारखान्यापुढे एक निराळेच काम आले. 1951-52 मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र असे, त्यामुळे पेट्या लाखांनी लागणार होत्या. पेटी बंद राहिली पाहिजे, वाटेत कोणी उघडता कामा नये, आणि ती स्वस्तही हवी. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च परवडेना. म्हणून पेटीच्या आतच बंद होणारी योजना बसवण्यात आली. विक्रोळीच्या कारखान्यात अशा बारा लाखांहून अधिक पेट्या काही महिन्यांत तयार झाल्या. एका पेटीची किंमत सुमारे पाच रुपये होती. एक कुलूप चोख करणे ही कारागिरी झाली. लाखो पेट्या सारख्याच चोख, ठरल्या दिवशी आणि ठरल्या किमतीत करून देणे याला व्यवस्था लागते. पत्रा वेळेवर यावा लागतो, साचे झिजण्याआधी बदलावे लागतात, आणि तयार झालेला माल पारखून मगच बाहेर सोडावा लागतो.

स्पर्धा मात्र कधी थांबली नाही. उत्तर प्रदेशातील अलीगढ शहर एकोणिसाव्या शतकापासून कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मोठ्या कारखान्यांबरोबर हजारो लहान कारागीर काम करतात. कोणी ओतकाम करतो, कोणी किल्ल्या कापतो, कोणी पट्ट्या बसवतो, कोणी चकाकी देतो. एक कुलूप अनेक घरांतून फिरत फिरत पुरे होते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मुंबईच्या मोठ्या कारखान्याचे कुलूप आणि अलीगढचे कुलूप शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांत तोलून पाहते. वजन पाहून कुलपाची पारख करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती फारशी खरी नाही, कारण जड कुलपात पट्ट्या कमी असू शकतात. पण दुकानदारही ती मोडण्याच्या भरीस पडत नाही.

कुलूप दार राखते. पण दाराशी कोण आले आहे हे ते सांगत नाही. हे सांगणारी योजना न्यूयॉर्कमधील मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने काढली. त्यांच्या वस्तीत चोऱ्या होत आणि पोलीस येण्यास वेळ लागे. 1966 मध्ये त्यांनी व त्यांच्या पतीने एका योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि 1969 मध्ये ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दार दुरूनच उघडण्याचे बटण आणि संकटाची सूचना देणारे दुसरे बटण, असे तिचे स्वरूप होते. आज बाजारात जी सुरक्षेची यंत्रे मिळतात, त्यांपैकी पुष्कळांचे बीज या एका अर्जात आहे.

चोराला बाहेर ठेवणे हे एक काम झाले. माणूस घरी नसताना घरातील कामे आपोआप व्हावीत, ही त्यापुढची इच्छा. याला स्वयंचलन म्हणतात. मोठ्या शहरांत दिवे, पंखे व पडदे आपोआप चालण्याचे कौतुक होते; खानदेशात मात्र स्वयंचलन आधी विहिरीवर आले आणि मग घरात शिरले. रावेर-यावलकडील केळीला पाणी भरपूर आणि वेळेवर लागते. शेतीच्या पंपाला वीज ठरावीक तासच मिळते. कधी ती दिवसा असते, कधी रात्री. रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाऊन पंप चालू करणे हे शेतकऱ्याच्या जिवावरचे काम होते. म्हणून त्याने पंपाच्या पेटीत एक लहानसे यंत्र बसवले. वीज आली की पंप आपोआप चालू. याला शेतकरी 'ऑटो' म्हणतो. पुढे मोबाईल फोनवरून चालणारी यंत्रे आली. शेतकरी घरूनच पंपाला फोन लावतो, आणि विजेची स्थिती कळताच बटण दाबून पंप चालू किंवा बंद करतो.

पण 'ऑटो' ची एक दुसरी बाजू आहे. वीज येताच गावातील सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना ती नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक वीज ओढते. पन्नास मोटारी एकदम सुरू झाल्या तर तो सारा भार रोहित्रावर, म्हणजे ज्याला गावात 'डीपी' म्हणतात त्यावर पडतो आणि ते जळते. मग सर्वांचीच केळी पाण्यावाचून राहते. म्हणून 'ऑटो' वापरू नका, असे वीज कंपनी शेतकऱ्यांना वारंवार सांगते. प्रत्येकाच्या यंत्राने थोड्या वेगवेगळ्या वेळी जागे व्हावे, हा यावरचा उपाय. आणि काही यंत्रांत तशी सोयही असते.

आता जळगाव-धुळ्याच्या पेठेत कॅमेरे विकणारी व बसवणारी दुकाने झाली आहेत, आणि जुन्या कुलपांसारखीच त्यांच्यात चढाओढ आहे. सीपी प्लस हे भारतीय नाव, हिकव्हिजन हे चिनी नाव, गोदरेज हे जुने ओळखीचे नाव, आणि यांशिवाय नावही न ऐकलेली स्वस्त यंत्रे. गिऱ्हाईक किंमत विचारते, म्हणून दुकानदार किंमत उतरवतो. परंतु या धंद्याची खरी कसोटी कॅमेरा विकल्यानंतर सुरू होते. कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे एका पेटीतील तबकडीवर साठतात. ती भरली की जुनी पुसून त्यांवर नवी उमटतात. तबकडी लहान असली तर आठ दिवसांपूर्वीची चोरी शोधायला जावे आणि चित्र नसावे, असे होते. वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली तर कॅमेरा नेमका अंधारातच आंधळा होतो. शिवाय खानदेशचा उन्हाळा! पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, धूळ उडते, आणि उन्हात टांगलेल्या यंत्राची काच मळते. ती पुसण्यास, तार बदलण्यास, तबकडी तपासण्यास जो वेळेवर माणूस पाठवतो त्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक टिकते. विक्रीत एकदाच नफा असतो. देखभालीचे पैसे दरसाल मिळतात. शहाणे दुकानदार हे ओळखून असतात, आणि दोनशे रुपयांनी स्वस्त देणाऱ्या शेजाऱ्याची फारशी चिंता करीत नाहीत.

तथापि कॅमेऱ्याला एक अडचण अशी आहे की जी अडसराला नव्हती आणि कुलपालाही नव्हती. फोनवर घर दिसावे म्हणून तो इंटरनेटला जोडतात. म्हणजे दाराला जगभर एक वाट झाली. या वाटेवरचे कुलूप म्हणजे संकेतशब्द. आता अर्देशिरांच्या पत्रकातील ते आश्वासन पुन्हा आठवा. या कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही, असे ते होते. कॅमेऱ्यांच्या पुष्कळ कारखानदारांनी नेमके याच्या उलट केले. लाखो यंत्रांना त्यांनी एकच संकेतशब्द घालून दिला, आणि विकत घेणाऱ्यांनी तो बदलला नाही. 2016 मध्ये 'मिराई' नावाचा एक घातक संगणकीय कार्यक्रम इंटरनेटवर पसरला. त्याच्याजवळ साठाहून थोड्या अधिक नेहमीच्या संकेतशब्दांची यादी होती. सेहेचाळीस हजार किल्ल्यांची गरजच नव्हती, साठ पुरल्या. त्याने जगभरचे कॅमेरे आणि तशीच इतर लाखो यंत्रे ताब्यात घेतली. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशा यंत्रांनी एकाच वेळी एका मोठ्या अमेरिकन कंपनीवर मागण्यांचा भडिमार केला आणि तिकडील अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे कित्येक तास बंद पडली. घर राखण्यासाठी टांगलेली यंत्रे दुसऱ्याच्या घरावर चालून गेली आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. चबच्या कुलपाने निदान सांगितले तरी असते की कोणी हात घालून गेले आहे.

भारत सरकारने यावर एक नियम केला. 9 एप्रिल 2025 पासून इंटरनेटला जोडता येणारे कॅमेरे ठरलेल्या सुरक्षा-तपासणीतून गेल्याखेरीज विकता येत नाहीत. प्रयोगशाळेत यंत्राची आतील रचना, त्यातील आज्ञावली आणि बाहेरून आत शिरता येण्याच्या वाटा तपासल्या जातात. तपासणीला वेळ लागतो, खर्च येतो, माल अडकून पडतो, अशी काही कारखानदारांची तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पण हॉब्जने एकावन्न तास बसून जे केले तेच ही प्रयोगशाळा करते. फरक एवढाच की ती ते विक्रीपूर्वी करते.

त्या तारखेच्या आधी भिंतीवर चढलेले कॅमेरे तसेच आहेत. त्यांच्या पेटीतून निघालेल्या माहितीपत्रकावर पहिला संकेतशब्द छापलेला असतो. तो बदलण्यास दोन मिनिटे पुरतात, त्यासाठी शिडी लागत नाही आणि दुकानदारालाही बोलवावे लागत नाही. पुष्कळ घरांतून ते पत्रक फडताळात पडून आहे आणि त्यावरचा तो शब्द अजून चालू आहे.